बारक्या वाढत गेला

लहान मुलांच्या घरात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. फडताळाच्या तळाशी झाकणं नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं जमतात, तसे ते जमतात. एखाद्या दिवशी आवरायला बसावं तर लक्षात येतं, की टाकून देण्यासारखं यातलं काहीच नाही. आमच्या घरात तीन मुलं होती आणि त्यांच्यात एक कुत्रा होता, त्यामुळे आमचं फडताळ जरा लवकर भरलं. आता पुतण्या घरी जमल्या, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "काकू, ते बारक्याचं सांगा ना." मग मी सांगते. दर वेळी तेच सांगते. अजून तरी कुणी उठून गेलेलं नाही.

आमचे हे त्या वेळी पोलादपूरला ओव्हरसियर होते. आंबेनळी घाटाचा रस्ता त्यांच्याकडे. दरड आली, मोरी फुटली, की पहिला निरोप आमच्या क्वार्टरला. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे उंच ओटा, मागे न्हाणी. मोठा सुरेश सात वर्षांचा, मधली कुसुम पाच वर्षांची आणि नंदू दहा महिन्यांचा, रांगणारा. गावात वीज यायची होती. एवढ्या सगळ्यात एक कुत्राच काय तो कमी होता, असं यांना वाटलं.

झालं असं, की मे महिन्यात घाटात एका मोटारीचं चाक नालीत गेलं. आत म्हातारं पारशी जोडपं. महाबळेश्वरचा बंगला कायमचा बंद करून ते मुलाकडे परदेशी निघाले होते. यांच्या माणसांनी मोटार उचलून रस्त्यावर आणून दिली. बाईंच्या मांडीवर करंडी होती आणि करंडीत दीड महिन्याचं पिल्लू. बोटीवर ते नेता येणार नव्हतं.

"घरात पोरंबिरं हाय ना, साहेब?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

हे म्हणाले, तीन आहेत.

"मग घेऊन जा. पोरांमंदी सुखी राहेल."

पोरं सुखी राहतील का, हे कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी हे करंडी घेऊन आले. करड्या रंगाचं, कपाळाला सुरकुत्या पडलेलं, पंजे दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखं पिल्लू. मी विचारलं, "वाढून केवढं होतं हे?"

यांनी गुडघ्याशी हात धरून दाखवला. "एवढं. फार तर."

श्रावणात मी पुन्हा विचारलं, तेव्हा हात मांडीशी गेला होता. दिवाळीत कमरेशी. आयुष्य मोजमापात गेलेला माणूस, पुलाचा अंदाज इंचानेही चुकायचा नाही. या एका बाबतीत मात्र चुकत राहिला, आणि दर वेळी "मी हेच म्हणत होतो" असंही म्हणत राहिला.

नाव कुसुमने ठेवलं. नंदूला सगळे बाळ म्हणायचे, हे बाळाहूनही लहान, म्हणून बारक्या. पुढे ते नाव बदलावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण तोवर तो त्या नावाला ओ द्यायला लागला होता.

करंडीत एक इंग्रजी कागद होता. त्यावर जात लिहिली होती, ग्रेट डेन, आणि खाली खुराक: कच्चं मांस, अंडी, माशाचं तेल. मी तो कागद घडी घालून ठेवून दिला आणि पिल्लाला नाचणीची आंबील घातली. पोलादपुरात सगळे जे खाऊन मोठे होतात ते खाऊन हाही होईल, असा माझा हिशेब. तो जरा जास्तच बरोबर निघाला.

*

आमच्या घराच्या समोर एका शेटचं वाण्याचं दुकान होतं. छताला टांगलेला मोठा तराजू, दोन्ही बाजूंना दोरांनी बांधलेल्या पितळी परड्या. एकदा तांदूळ घ्यायला गेले तेव्हा सुरेशने हट्ट धरला की बाळ जड का बारक्या जड, ते बघायचं. शेटना दुपारी गिऱ्हाईक नसायचं. त्यांनी एका परडीत नंदूला बसवलं, दुसरीत बारक्याला.

पहिल्या वेळी नंदूची बाजू खाली गेली. शेट म्हणाले, "बाळसं चांगलं हाय."

पुढच्या महिन्यात काटा मधोमध राहिला. दोघं एकमेकांकडे बघत हवेत लोंबकळत होते आणि दोघांनाही ते आवडलं होतं.

त्याच्या पुढच्या महिन्यात बारक्याने परडीत पाय ठेवला मात्र, ती धाडकन जमिनीला टेकली आणि नंदू शेटच्या डोक्याच्याही वर गेला. तो वरून टाळ्या वाजवायला लागला. दुकानात तेव्हा चार बायका होत्या. सगळ्यांनी आधी नंदूकडे बघितलं, मग बारक्याकडे, मग माझ्याकडे.

शेटनी नंदूला खाली घेतलं. फार सांभाळून, दुखवायचं नाही अशा आवाजात ते म्हणाले, "वयनी, पोराला पण देत जा थोडं."

*

नंदू चालायला शिकला तो बारक्याला धरून. आधी कान धरायचा, मग कान हाताला येईनात तेव्हा मान, मग पोटाखालची कातडी. बारक्याही असा, की ते पोर धरून उभं आहे तोवर पाऊल उचलताना विचार करायचा. मला मोठं कौतुक. चार घरच्या बायका बोलावून मी ते दाखवलं.

त्यातली अडचण नंतर कळली. बारक्या चालला की नंदू चालायचा. बारक्या बसला की बसायचा. आणि बारक्या कुठे जाईल ते बारक्याने ठरवायचं.

एक दिवस मी भाकऱ्या थापत होते, तर महाडच्या एस.टी.चा कंडक्टर दारात. ओळखीचा माणूस, कधीमधी महाडचं टपाल, औषध आणून द्यायचा. म्हणाला, "वयनी, तुमची दोघं स्टँडवर आलीत."

मी पिठाच्या हातांनीच धावले. स्टँडवर गाडी उभी. गाडीच्या दाराशी बारक्या उभा, त्याला धरून नंदू उभा, आणि आतली माणसं उतरायची म्हणून थांबलेली. कुणी ओरडत नव्हतं. ही दोघं आधी चढणार असतील तर चढू देत, अशा बेतानं सगळे वाट बघत होते.

मी नंदूला उचललं. कंडक्टर म्हणाला, "ल्हानग्याला आमी उचलून आणला असता. पर मोठा परवानगी देईना."

*

बारक्या दुष्ट नव्हता. त्याला एवढंच कळत नव्हतं, की आपल्या मागे एक शेपूट आहे. पुढचं सगळं तो सांभाळून करायचा आणि मागे कपबशा फुटायच्या. आनंद झाला की ती शेपटी वेताच्या छडीसारखी चालायची. आणि त्याला आनंद व्हायला फारसं काही लागत नसे.

एका सकाळी कुसुम वाकून पाटी भरत होती. मी दूध घेऊन आत आले, बारक्याला आनंद झाला, आणि कुसुमच्या गालावर लांबलचक वळ उठला. रडून झाल्यावर ती तशीच शाळेत गेली.

शाळेत गुरुजींनी विचारलं, "कोणी मारलं ग तुला?"

"बारक्यानं."

"का मारलं?"

"त्याला आनंद झाला म्हणून."

गुरुजी नवीन होते, वाईच्या बाजूचे, तरुण आणि तत्त्वाचे. मला चिठ्ठी आली: 'आपल्या घरातील बारक्या नामक इसम लहान मुलीस मारहाण करतो असे कळते. त्यास योग्य ती समज द्यावी.' मी ती यांना दाखवली. यांनी वाचली, हसले, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

आठ दिवसांनी कुसुमच्या दंडावर दुसरा वळ. त्या संध्याकाळी गुरुजी स्वतः घरी आले. कोट घातलेला, कोटाची सगळी बटणं लावलेली. मी खुर्ची दिली, चहा ठेवला. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"बाई, मी स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "तो तुमच्या नात्यातला असेल. तरी मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. बोलवा त्याला."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण कुसुमला बोलवा म्हटलेलं ऐकू आलं आणि तिने मागच्या दाराकडे बघून हाक मारली.

बारक्या आला. पाहुणा दिसल्यामुळे त्याला आनंद झाला होता. एक कंदील गेला. मग तो गुरुजींच्या समोर येऊन थांबला. गुरुजी खुर्चीवर बसलेले, तो उभा, आणि दोघांचे डोळे अगदी समोरासमोर. बारक्याने हनुवटी गुरुजींच्या खांद्यावर ठेवली.

गुरुजी मान न हलवता म्हणाले, "मुलगी अभ्यासात चांगली आहे."

*

कुडपणहून धाकू नावाचा शेतकरी आमच्याकडे तूप घेऊन यायचा. डोंगरमाथ्यावरचं गाव, पायी उतरायला अर्धा दिवस. त्याने बारक्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुपाचा डबा खाली ठेवला आणि दोनदा त्याच्याभोवती फिरला.

"वयनी, ह्याला औताला कधी जुपणार?"

"अरे, कुत्रा आहे तो."

"कुत्रा हाय व्हय," तो म्हणाला. पण माझा शब्द त्याने पुरता घेतलेला दिसला नाही, कारण त्याने बारक्याचे दात बघितले.

त्या वर्षी कुडपणला बिबट्या शेळ्या नेत होता. धाकूच्या दोन गेल्या होत्या, राखणीचा कुत्राही गेला होता. पुढच्या खेपेला तो यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "सायेब, आठ दिस द्या ह्याला. बगूनच पळंल तो."

यांची छाती फुगली. इतके महिने मुलं, मी, शेजारी, सगळ्यांनी बारक्याला नावं ठेवलेली. आज पहिल्यांदा कुणी त्याला कामासाठी मागत होतं. "घेऊन जा," हे म्हणाले. "जातिवंत आहे." जाताना बारक्याच्या गळ्यात नवा पट्टा बांधला, दोन तास त्याचे गुण धाकूला सांगितले. सुरेशने शाळेत सांगून टाकलं की आमचा बारक्या वाघाच्या शिकारीला गेलाय.

तिसऱ्या दिवशी धाकू बारक्याला घेऊन परत. दोघंही धड दिसत होते, पण धाकूचे डोळे लाल.

"काय रे, आला का बिबट्या?" यांनी विचारलं.

"नाय आला."

"मग? याला घाबरला असेल."

धाकू पट्ट्याशी चाळा करत राहिला. यांना वाईट वाटेल म्हणून शब्द शोधत असावा. "सायेब, कुत्रा लई गुणाचा हाय. पर तो भायेर ऱ्हायलाच तयार नाय. सांज झाली की घरात शिरतो नि पोरांच्या मधी जाऊन पडतो. आमचं घर केवढं? तो आत आला की आमी मावत नाय." त्याने पट्टा यांच्या हातात दिला. "दोन दिस आमीच भायेर निजलो. शेळ्यांसंगती."

यांनी त्याला चहा घ्यायचा आग्रह केला. शिकारीचं काय झालं म्हणून सुरेशने शाळेत काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

*

पण सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. बारक्या वर्षाचा झाला आणि नंदू पावणेदोन वर्षांचा. दुपारची वेळ. नंदू ओट्याच्या कडेला बसला होता. रस्त्यावरून सुरेश शाळेतून येताना दिसला, बारक्या उठून धावला, आणि त्याच्या अंगाचा धक्का लागून नंदू ओट्यावरून खाली दगडावर पडला. भुवईच्या वर खोक पडली. एवढ्याशा कपाळातून किती रक्त यावं. मी पदर दाबून धरला, तो भिजला, दुसरं फडकं घेतलं, तेही भिजलं. महाडच्या डॉक्टरांनी तीन टाके घातले. म्हणाले, "बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता."

घरी आल्यावर मी यांना सांगितलं, की आता हे पुरे. कुत्रा या घरात राहणार नाही. आवाज चढवला नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. यांनीही वाद घातला नाही. नंदूचं कपाळ त्यांनी बघितलं होतं.

महाडला यांच्या ओळखीचे एक जमीनदार होते, सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणत. त्यांना बंगल्यासाठी रुबाबदार कुत्रा हवाच होता. चौथ्या दिवशी त्यांची जीप आली. सुरेश आतल्या खोलीत जाऊन बसला, बाहेर यायलाच तयार नाही. कुसुम दाराला धरून उभी. मी मन घट्ट केलं होतं, की बारक्या आता जाताना हिसके देईल, मागे वळून बघेल. त्याने जीप बघितली, उडी मारून मागच्या सीटवर जाऊन बसला आणि तोंड बाहेर काढलं. जीप निघाली तरी एकदाही मागे बघितलं नाही. सुरेशही शेवटी धावत आला, आणि आम्ही चौघं मात्र रस्त्यात रडत उभे. मी सगळ्यात जास्त, आणि ते यांनी बघितलं, म्हणून मला फार राग आला.

नंतर घर कसं सुरेख झालं. कपबशा जागच्या जागी. जेवताना पाय पसरता येत होते. मुलं हळू बोलत होती. नंदू सकाळी उठून भिंत धरून चालायचा, भिंत संपली की तिथेच उभा राहायचा.

आठव्या दिवशी नंदूचे टाके काढायला मी एकटीच त्याला घेऊन महाडला गेले. टाके काढून झाले. परतीच्या गाडीला दोन तास होते. आप्पासाहेबांचा बंगला काही वाटेत नव्हता. तरी मी गेले.

बारक्या फाटकाशी साखळीने बांधलेला होता. अंग स्वच्छ धुतलेलं, पुढ्यात मोठं घमेलं भरून खाणं. आप्पासाहेब कौतुकाने म्हणाले, "गेटमध्ये कुणी पाऊल टाकत नाही बघा. मुलंसुद्धा रस्त्याच्या त्या बाजूने जातात." मी पलीकडे बघितलं. खरंच, शाळेची मुलं दप्तरं छातीशी धरून, भिंतीला चिकटून चालली होती, आणि बारक्या शेपटी हलवत एकेकाकडे बघत होता. एक गेलं की पुढच्याकडे.

मी म्हटलं, "आप्पासाहेब, मी त्याला परत नेते."

ते बघतच राहिले. "अहो, पण तुम्हीच कळवलं होतं ना, मुलांना धोका आहे म्हणून?"

"आहे," मी म्हटलं. "पण मुलांना त्याची सवय झालीय."

एस.टी.त त्याला कोण घेणार. यांच्या खात्याचा खडीचा ट्रक घाटाकडे निघाला होता, तो थांबवला. मी नंदूला घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी आणि बारक्या मागे खडीच्या ढिगावर, राजासारखा. पोलादपूरच्या बाजारातून आम्ही अशी वरात काढली. हे ओट्यावर उभे होते. त्यांनी ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नंदू रडायचा थांबेना," मी सांगितलं. "म्हणून आणावं लागलं."

नंदू दवाखान्यातून निघाल्यापासून माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला होता. यांनी त्याला माझ्याकडून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओट्याला लाकडी कठडा बसला. तो यांनी स्वतः ठोकला.

*

आता एक सांगते. हा किस्सा मी पुतण्यांना सगळ्यात शेवटी सांगते, आणि हे असताना कधी सांगत नसे.

त्या पावसाळ्यात घाटात एक मोठी मोरी वाहून गेली. रस्ता बंद. वरून तारांवर तारा. मुंबईचे मोठे साहेब सोमवारी बघायला येणार होते आणि यांनी चार रात्री जागून नव्या मोरीचं ड्रॉइंग केलं होतं. रविवारी दुपारी ते टेबलावर वाळत पडलेलं. सुरेशने गृहपाठासाठी यांची दौत घेतली, झाकण न लावता टेबलावर ठेवली. नंदूने कागदाचा कोपरा ओढला. सगळी दौत ड्रॉइंगवर.

हे न्हाणीतून आले. बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी दोन-तीनदा पाहिला होता. टेबलावरची लांब लाकडी पट्टी उचलून ते सुरेशकडे गेले. सुरेश भिंतीला लागला. मी मध्ये उभी राहिले.

"बाजूला हो," हे म्हणाले.

मी झाले नाही. मग तो हात माझ्यावर उठला. त्या काळात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. मलाही नव्हतं. मी डोळे मिटून घेतले; मधलं सगळं सुरेशने मागाहून सांगितलं.

बारक्या टेबलाखाली झोपलेला होता. तो उठला, तसं टेबलही त्याच्याबरोबर थोडं उठलं. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. खाली येणारा हात त्याने वाटेतच मनगटाला धरला. चावला नाही. रस्ता ओलांडताना कुसुम नंदूचं मनगट धरायची, तितकंच. पट्टी यांच्या हातून फरशीवर पडली. मी डोळे उघडले तेव्हा हे तसेच उभे होते आणि त्यांचा हात बारक्याच्या तोंडात होता.

घरात कुणी हललं नाही. बाहेर पाऊस चालू होता. यांनी एकदा हात ओढून बघितला. बारक्याने तो सोडला नाही आणि जास्त दाबलाही नाही. तो यांच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर माझ्याकडे होती.

"सोडायला सांग त्याला," हे हळू म्हणाले.

लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"तुमचा कुत्रा आहे," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

आणि चुलीवरचं दूध वर आलं होतं, म्हणून मी आत गेले.